गावची भांडी आणि तनुजाचं पेज

तनुजा सातवीत असताना हदगावच्या शाळेत मी तिला गणित शिकवायची. लसाविचा तास होता. दोन संख्यांचे अवयव फळ्यावर लिहून मी सांगितलं, की जो अवयव दोन्हीकडे आहे तो लसाविमध्ये एकदाच घ्यायचा. सगळ्या वर्गानं मान डोलावली. तनुजानं नाही. ती उभी राहून म्हणाली, "बाई, एकदाच का? दोघांचा आहे ना तो?"

"दोघांचा आहे म्हणूनच एकदा," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. फळ्याकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी गुणून पाहिलं आणि मग "हाव, बरोबर," म्हणून खाली बसली. पटल्याशिवाय बसायचं नाही हा तिचा स्वभाव मला त्या दिवशी कळला. पुढे पुष्कळ वर्षांनी तोच स्वभाव तिला एका अवघड प्रसंगातून बाहेर घेऊन आला, त्याची ही हकिकत.

आता तनुजा नांदेडला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. वजिराबाद भागात कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. मालक राघवेंद्र तरुण, मोकळ्या मनाचा, जरा घाईचा. मीही नोकरी संपल्यावर नांदेडलाच राहिले, त्यामुळे तनुजा अधूनमधून संध्याकाळी चहाला येते. ठेंगणी, सावळी, बोलताना वाक्य अर्धवट सोडत नाही. कॉम्प्युटरवर काम करणारी असली तरी विचार पेन्सिलीनंच करते. माझ्या घरच्या वर्तमानपत्रांच्या कडा तिच्या चौकोनांनी आणि बाणांनी भरलेल्या असतात.

त्यांच्या कंपनीकडे शेतकरी कंपन्यांच्या एका संघाचं काम होतं. संघाची सोयाबीन खरेदी केंद्रं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पसरलेली: हदगाव, देगलूर, उदगीर, औसा आणि आणखी बरीच. प्रत्येक केंद्राचं वेगळं पेज होतं आणि प्रत्येक पेजच्या डोक्यावर एक रंगीत पट्टी होती. खरेदी सुरू असली तर हिरवी, बंद असली तर लाल. गोदाम भरलं, बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला, काटा बिघडला, की केंद्र बंद. शेतकरी सकाळी मोबाईलवर पट्टी बघायचा आणि मगच ट्रॉली जोडायचा. पेजवर बाकी पुष्कळ काही होतं, पण लोक बघायचे ते पट्टीच.

तनुजाचं गाव कोळगाव, हदगावपासून जवळ. वडील किशनराव शेती करतात. मुलीनं बनवलेलं पेज त्यांनीच गावाला दाखवलं होतं. चहाच्या टपरीवर मोबाईल लांब धरून ते पट्टी मोठ्यानं वाचायचे. गावही त्यांचं ऐकायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात घोटाळा झाला. हदगावच्या केंद्रावर बारदाना संपला, खरेदी थांबली, आणि पेजवरची पट्टी मात्र हिरवीच राहिली. कोळगावच्या सरजाबाईंनी ती बघून ट्रॉली भरली. सरजाबाईंचा मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरी त्या आणि सून. नवरा गेल्यावर सगळी शेती स्वतः बघतात, शब्दाला पक्क्या आणि तोंडाला तिखट. केंद्रावर पोचल्या तर गेटला कुलूप. परतताना वाटेत पाऊस लागला, वरचा माल भिजला, आणि घरी आल्यावर अंगणभर सोयाबीन वाळत घालायची वेळ आली.

रविवार होता, तनुजा गावी आली होती. सरजाबाई थेट किशनरावांच्या ओसरीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किशनराव, तुमची पोरगी शिकलेली हाय म्हणून आमी तिचं ऐकतो. मोबाईलवर सुरू हाय म्हणून राहिलं, अन् तिथं गेटाला कुलूप."

तनुजा पुढे झाली. "काकू, माझी चूक झाली."

"चूक झाली म्हणल्यानं सोयाबीन वाळतंय का? इथून पुढं मी तुझं ते पेज बघणार न्हाई. मोबाईलमंदी बघायचंच असलं तर कीर्तन बघीन."

त्या निघून गेल्या. पण गोष्ट गावात राहिली. टपरीवर कोणीतरी रोज म्हणायचं, "किशनराव, आज काय म्हणते तुमची पोरगी? सुरू म्हणत असंल तर आमी घरीच बसतो." सगळे हसायचे. किशनरावही थोडं हसायचे आणि कप ठेवून उठायचे. त्यांनी मोठ्यानं पट्टी वाचणं बंद केलं. मोबाईल खिशातून बाहेर निघेनासा झाला.

तनुजाला सरजाबाईंचं रागावणं लागलं नाही, ते तिला रास्तच वाटलं. लागलं ते वडिलांचं कप ठेवून उठणं. "बाई," ती मला म्हणाली, "आबांनी माझ्या भरवशावर गावाला सांगितलं होतं. तो भरवसा मला परत मिळवायचाय. माझ्यासाठी नाही, त्यांना टपरीवर बसता यावं म्हणून."

चूक झाली कशी, हे मला तिनं सांगितलं नाही. तिची सहकारी मालविका एकदा सोबत आली होती, तिनं सांगितलं. पट्टी प्रत्येक पेजवर वेगवेगळी लिहिलेली होती. बंदचा निरोप आला की एकेक पेज उघडून पट्टी बदलायची. त्या दिवशी निरोप बऱ्याच केंद्रांचा होता. मालविकानं बाकीची बदलली, मध्येच फोन आला, आणि हदगाव राहून गेलं. "तनुजाताईनं गावात माझं नावही घेतलं नाही," असं म्हणून ती चहाच्या कपात बघत बसली.

राघवेंद्रचं म्हणणं सोपं होतं. "काळजी घेऊ. एकीनं बदलायचं, दुसरीनं तपासायचं."

"सर, काळजी आत्ताही घेतच होतो," तनुजा म्हणाली. "एकच गोष्ट इतक्या जागी लिहून ठेवली, तर ती कधीतरी कुठंतरी राहणारच. आज मालविकाची राहिली, उद्या माझी राहील."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"पट्टी एकाच जागी ठेवायची, आणि सोबत कोणतं केंद्र सुरू, कोणतं बंद याची एकच यादी. पेजनं ती तिथून मागून आणायची."

त्यांच्या भाषेत याला इम्पोर्ट म्हणतात. बाजारात तयार व्यवस्था मिळतात, पण संघाची पेजेस जुनी, हातानं जोडत आणलेली. तयार कपडा त्यांच्या अंगाला बसत नव्हता. राघवेंद्रनं तिला उन्हाळा दिला. तेव्हा काम कमी असतं.

मला कळावं म्हणून तिनं एका संध्याकाळी असं सांगितलं: "बाई, तुम्ही शेजारून विरजण आणता. दही लागलं की ते तुमचं. उद्या शेजारणीचं दही नासलं, तिनं बदललं, तुमच्या दह्याला त्याचा पत्ता नाही. आम्ही आजवर पट्टी अशी विरजणासारखी नेत होतो."

"आणि आता?"

"आता भांड्यासारखी न्यायची. आमच्या गावच्या भांड्यांसारखी."

कोळगावला लग्नाची मोठी भांडी कोणाच्या घरी नसतात. मारुतीच्या देवळामागे एक खोली आहे, तिथे गावची भांडी असतात, आणि किल्ली किशनरावांकडे असते. ज्याच्या घरी कार्य तो येतो, हवं ते नेतो, घासूनपुसून परत आणतो. तनुजा लहानपणापासून त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ही देवघेव बघत आलेली. त्या उन्हाळ्यात रामलिंगच्या मुलीचं लग्न होतं. तनुजा मुद्दाम गावी गेली आणि पुन्हा त्याच उंबऱ्यावर बसली.

रामलिंग आला. "किशनराव, बुंदीची कढई द्या."

किशनरावांनी कढई काढली. पाठोपाठ झारा काढला, उचलायच्या दोन लाकडी दांड्या काढल्या.

"झारा कुठं मागितला मी?"

"मग बुंदी काय मुठीनं पाडनार हायेस?"

मागचे लोक हसले. तेवढ्यात भाताचं पातेलं न्यायला रामलिंगचा मेहुणा आला आणि दांड्या मागू लागला. किशनराव म्हणाले, "दांड्या कढईसंगं गेल्या. एकाच मांडवात चालल्यात ना दोघं? तिथूनच घ्या."

बस, एवढंच. गावात कोणालाही यात विशेष वाटलं नसतं. तनुजानं मात्र परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे चौकोन काढले. पेजनं फक्त कढई मागायची. कढईला झारा लागतो हे पेजला ठाऊक असायची गरज नाही. ते कढईलाच ठाऊक असावं. पट्टी मागितली की पट्टीला लागणारी तारीख, रंग, अक्षरांचा आकार हे आपोआप सोबत यावं. आणि तारीख दुसऱ्याही कोणाला हवी असली, तर ती एकदाच यावी, दोघांनी वापरावी. हे ऐकताना मला सातवीचा वर्ग आठवला. मी तसं म्हटलं नाही. तिलाच आठवलं. "दोघांचा आहे म्हणूनच एकदा," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

नावांचाही घोळ होता. प्रत्येक केंद्राच्या पेजवर काही भाग त्या त्या केंद्राचे, आणि सगळ्यांची नावं सारखीच. एकत्र आणले की कोणाचं कोणतं ते कळेना. त्याला तिनं आपल्या स्वयंपाकघरातला उपाय केला. आपण पातेल्यावर नाव घालून घेतो, म्हणून पंगतीतून पातेली आपापल्या घरी परत येतात. तिनं प्रत्येक भागाला स्वतःचं नाव आणि घराचं नाव अशी दोन नावं दिली. सगळ्यांच्या सामाईक भागांवर फक्त संघाचं नाव, जसं गावच्या भांड्यांवर फक्त 'कोळगाव' कोरलेलं असतं.

एका गोष्टीवरून मात्र तिचं आणि राघवेंद्रचं वाजलं. पेजनं पट्टी मागितली आणि ती आलीच नाही, तार तुटली, मशीन बंद पडलं, तर काय दाखवायचं?

"शेवटची माहीत असलेली दाखव," राघवेंद्र म्हणाला. "सगळे तेच करतात."

"कालचं 'सुरू' आज दाखवायचं? म्हणजे पुन्हा सरजाकाकू."

"मग काय दाखवणार?"

"पट्टी राखाडी करायची, आणि लिहायचं: आजची माहिती आलेली नाही, केंद्रावर फोन करा."

"एवढ्या मोठ्या अक्षरात? अगं, लोक म्हणतील वेबसाइटच बंद पडली. संघवाले माझ्या डोक्यावर बसतील."

"म्हणू द्या, सर. माहीत नाही ते माहीत नाही असंच सांगायचं."

राघवेंद्र पेन आपटून उठला, पण थांबवलं नाही. "पहिली तक्रार येईपर्यंत," एवढंच म्हणाला.

पोळ्यानंतर नवी व्यवस्था चालू झाली. सुरुवात छान झाली. यादीत केंद्रापुढे सुरू किंवा बंद लिहिलं, की त्याच्या पेजवरची पट्टी आपोआप बदलायची; केंद्रांनाही त्या जागी लिहायची मुभा दिली होती. मालविका दिवसभर सगळ्यांना करून दाखवत होती. मग एका सकाळी किशनरावांचा फोन आला. पेज आता गावात कोणी बघत नव्हतं, पण ते एकटे रोज बघत होते, हे तनुजाला त्या फोनमुळे कळलं.

"तनू, आपल्या हदगावच्या पेजवर तेलुगू कोण लिवून राहिलंय?"

तिनं पेज उघडलं. पट्टीत वर तेलुगूत दोन ओळी, खाली कानडीत दोन ओळी, त्याखाली सणाच्या शुभेच्छा, आणि 'सुरू' की 'बंद' हा शब्द पार खाली ढकललेला; मोबाईलवर बोट सरकवल्याशिवाय दिसेना. सगळ्या केंद्रांवर हेच.

हे काम देगलूरच्या केंद्राचे गुरुपादप्पा यांचं होतं. गोड स्वभावाचा, चार भाषांत बोलणारा माणूस. पट्टी आपली एकट्याची नाही, सगळ्यांची आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्या दारातली पाटी रंगवावी तशी त्यांनी ती रंगवली होती.

"कुलूप लाव," राघवेंद्र म्हणाला. "आपल्याशिवाय कोणी हातच लावायचा नाही."

तनुजानं पट्टी आधी पूर्ववत केली आणि दुसऱ्या दिवशी देगलूरची बस धरली. केंद्राच्या आवारात ती बराच वेळ नुसती बसून राहिली. सीमेपलीकडून आलेले शेतकरी गुरुपादप्पांना तेलुगूत विचारत होते, काही कानडीत. कोणी मोबाईल पुढे करून "यात काय लिहिलंय" असं खुणेनं विचारत होता.

"रागावलात काय अक्का?" गुरुपादप्पांनी चहा पुढे केला. "आमच्याकडं तिकडून माणसं येत्यात की. मराठी वाचता येत न्हाई त्यांना. लाल रंग बघून कुणी म्हणतंय शुभ हाय, कुणी म्हणतंय बंद हाय."

"रागावले नाही, अण्णा. तुमचं बरोबर आहे. पण तुमची तेलुगू हदगावला गेली."

"हदगावपत्तूर गेली?" गुरुपादप्पा खूश झाल्यासारखे दिसले, मग एकदम ओशाळले. "आता काय करायचं ओ?"

परतीच्या बसमध्ये तिला रामलिंगच्या परातीची गोष्ट आठवली. मोठ्या मुलीच्या लग्नाला रामलिंगनं गावची परात नेली होती. उचलायला सोपं जावं म्हणून त्यानं तिला कड्या ठोकून घेतल्या आणि मोठ्या कौतुकानं परत आणून दिली. पुढच्या लग्नात ती परात कड्यांमुळे भाताच्या पातेल्यावर झाकायला नीट बसेना. किशनरावांनी रामलिंगला बोल लावला नाही आणि खोलीला जास्तीचं कुलूपही लावलं नाही. त्यांनी कड्या काढून घेतल्या आणि परातीला अडकवायच्या सुट्या कड्या वेगळ्या करून ठेवल्या. ज्याला हव्यात तो नेईल, अडकवेल, काढून परत आणेल.

तनुजानं पट्टीत तशी एक मोकळी जागा ठेवली. पट्टी सगळ्यांची; 'सुरू' किंवा 'बंद' हा शब्द सगळ्यांत वर, त्याला कोणी हलवू शकणार नाही. त्याच्या खाली रिकामा कोनाडा. तिथे देगलूरनं तेलुगू ठेवावी, उदगीरनं कानडी, हदगावनं काहीच नाही ठेवलं तरी चालेल. कोनाड्यातलं ज्याचं त्याच्याच पेजवर दिसेल. राघवेंद्रनं ते दोन-तीन केंद्रांची पेजेस उघडून बघितलं. मग म्हणाला, "कुलपापेक्षा हे बरं आहे." गुरुपादप्पांनी आपल्या कोनाड्यात शुभेच्छाही ठेवल्या. तनुजानं त्या तशाच राहू दिल्या.

हंगाम सुरू झाला. पट्ट्या वेळेवर लाल-हिरव्या होत होत्या, पण कोळगावात ते कोणाच्या गावीही नव्हतं. लोक केंद्रावर फोन लावायचे, फोन लागला नाही तर माणूस पाठवायचे. किशनराव टपरीवर जायचे, कप ठेवून उठायचे.

दिवाळीच्या फराळाला किशनरावांनी मला गावी बोलावलं होतं. तनुजाही होती. सकाळीच राघवेंद्रचा फोन आला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती आणि सगळी पेजेस राखाडी झाली होती. आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. "बघ, झालं ना? मला फोनवर फोन येतायत. निदान आजच्यापुरती कालची पट्टी दाखवू या?"

"नको, सर," तनुजा म्हणाली. तिच्या हातात चकली होती, ती तिनं खाल्ली नाही.

थोड्या वेळानं सरजाबाई फाटकातून आत आल्या. हातात सुनेचा मोबाईल होता. मागे रस्त्यावर त्यांची भरलेली ट्रॉली दिसत होती, ट्रॅक्टर अजून जोडलेला नव्हता.

"सरजावैनी, तुमी तर पेज बघणार न्हवता," किशनराव म्हणाले.

"मी कुठं बघून राहिले? सुनेनं दाखवलं." त्यांनी मोबाईल तनुजापुढे धरला. "हे काय लिवलंय? लाल न्हाई, हिरवं न्हाई."

"काकू, आजची माहिती आलेली नाही. केंद्र सुरू आहे की बंद, ते पेजला माहीत नाही."

"म्हाईत न्हाई?"

"नाही."

सरजाबाईंनी मोबाईलकडे पाहिलं, मग तनुजाकडे. मग तिथेच उभं राहून केंद्रावर फोन लावला. बारदाना संपलेला होता. दुपारी गाडी येणार, मगच काटा सुरू होणार होता. त्या ओसरीच्या कडेला बसल्या. तनुजाच्या आईनं फराळाची ताटली पुढे केली, ती त्यांनी घेतली.

"मागल्या हंगामात त्याला म्हाईत नसताना सुरू म्हणलं," त्या करंजी मोडत म्हणाल्या. "औंदा म्हाईत न्हाई, तर म्हाईत न्हाई म्हणून राहिलं." आणखी एक घास खाल्ला. "असं असंल तर जे म्हाईत हाय ते तरी खरं असंल."

हातातली चकली तनुजानं तेव्हा खाल्ली.

दुपारनंतर केबल जोडली गेली. आम्ही तिघं टपरीपाशी होतो. किशनराव मला गाव दाखवत होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, लांब धरला आणि जरा चाचरत, पण मोठ्यानं वाचलं, "हदगाव केंद्र, खरेदी सुरू." बाकावरच्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या एकानं रोजचं वाक्य म्हणायला तोंड उघडलंही असेल. पण तेवढ्यात पलीकडच्या आळीत ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि सरजाबाईंची ट्रॉली आमच्यासमोरून हदगावच्या रस्त्याला लागली. त्या वर सोयाबीनवर बसल्या होत्या. या खेपेला त्यांनी केंद्रावर फोन लावला नव्हता; हिरवी पट्टी बघूनच निघाल्या, असं सुनेनं नंतर सांगितलं.

किशनरावांनी आणखी एक चहा सांगितला आणि तो बसून प्यायले.